बेसमेंटमधले डेलिया

ऑक्टोबर सरता सरता एका सकाळी परसात गेले, तर काल संध्याकाळपर्यंत ताटाएवढी फुलं मिरवणारी डेलियाची अख्खी रांग काळी पडलेली. पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. न्यू जर्सीत हे दरवर्षीचंच. रात्री पारा शून्याखाली उतरतो, दव पानांवरच गोठतं आणि ऊन आलं की सगळं झाड लुळं पडतं. पहिल्या वर्षी मी हळहळले होते. आता कात्री घेऊन बाहेर पडते.

खोड वीतभर ठेवून झाड कापायचं आणि मग आठवडाभर काहीच करायचं नाही. तेवढ्यात कंदांची साल जरा निबर होते, डोळे फुगायला लागतात. त्यानंतर चार दातांचा फोर्क बुंध्यापासून फूटभर लांब रोवायचा आणि चारी बाजूंनी माती सैल करत गड्डा खालून उचलायचा. बुंधा धरून ओढला तर कंदांच्या माना मोडतात. मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत दिसला तरी तो कामातून गेला.

हे मानेचं प्रकरण मला कळायला दोन वर्षं लागली, कारण डोक्यात बटाटा होता. बटाटा म्हणजे जमिनीखालचं खोड, त्याला अंगभर डोळे. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ. दिसायला रताळ्याचा धाकटा भाऊ, पण रताळं निदान अंगावर कोंब तरी काढतं, हा तेही करत नाही. त्याचा डोळा असतो फक्त मानेच्या वर, जिथे कंद जुन्या खोडाला चिकटलेला असतो तिथे. मोहरीएवढा उंचवटा, कधी गुलाबी, कधी हिरवट. खालचं सगळं अंग म्हणजे नुसती शिदोरी. ती शिदोरीही स्टार्चची नाही, इन्युलिनची. कंद खाता येतो. युरोपात तो पोहोचला तेव्हा भाजी म्हणूनही चाखून पाहिला म्हणतात, पण चव काही कुणाला आवडली नाही. फूल मात्र आवडलं. १७९१ मध्ये माद्रिदचे वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिलेस यांनी अँडर्स दाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ त्याला नाव दिलं. मूळचं ते मेक्सिकोच्या डोंगरांतलं, आणि १९६३ पासून त्या देशाचं राष्ट्रीय फूल. तिथल्या मातीत कंद जागच्या जागी झोपतो आणि पाऊस आला की उठतो. आमच्याकडे जानेवारीत जमीनच गोठते, म्हणून ही सगळी उठाठेव.

गड्डा पाइपच्या पाण्याने धुतला की खोडाकडे बघायचं. ते बांबूसारखं पोकळ असतं आणि त्यात पाणी साचून राहतं. ते पाणी मुरत मुरत नेमकं डोळ्यांपर्यंत जातं आणि कूज तिथूनच सुरू होते. म्हणून गड्डे एक-दोन दिवस गॅरेजमध्ये उलटे, पाय वर करून ठेवायचे. त्याहून जास्त नाही, नाहीतर साल सुरकुतते. मे महिन्यात लावलेला मूळचा कंद गड्ड्याच्या मधोमध काळपट, खरबरीत होऊन बसलेला असतो. तो मी काढून टाकते, बहुतेक वेळा सगळ्यात आधी तोच सडतो.

माझं पहिलं वर्ष गॅरेजमध्येच बुडालं. जानेवारीच्या एका थंडीत कंद गोठले, आणि थंडी उतरल्यावर एक हातात घेऊन दाबला तर ओल्या स्पंजसारखं पाणी गळलं. दुसऱ्या वर्षी शहाणपणा करून बॉयलरशेजारी कागदी पिशवीत ठेवले. मार्चमध्ये पिशवीतून सुंठ निघाली. तिसऱ्या वर्षी बेसमेंटच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात थर्मामीटर टांगला आणि आठवडाभर नुसता बघत बसले. ४ ते १० अंश सेल्सियस, म्हणजे इथल्या भाषेत ४० ते ५० फॅरनहाइट. हाच तो कोपरा.

तिथे आता प्लॅस्टिकचे डबे आहेत, आत व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारं हलकं, भुसभुशीत खनिज, आणि झाकण नुसतं टेकवलेलं. व्हर्मिक्युलाइट किती ओलं ठेवायचं हे मापात सांगता येत नाही. मूठ आवळली तर पाण्याचा थेंब सुटू नये, उघडली तर धूळ उडू नये.

पुण्यात आईच्या डेलियाची झोप बरोबर उलटी. तिची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात कुंड्यांत लागायची, डिसेंबर ते फेब्रुवारी फुलायची, एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास ऐन भरात असायची. उन्हाळा लागून पानं पिवळी पडली की कंद निघायचे आणि जिन्याखाली, वाळू भरलेल्या फुटक्या माठात जायचे. तिला भीती उकाड्याची आणि मग पावसाळी दमटपणाची, मला थंडीची. महिन्यातून एकदा ती वाळूत हात घालून चाचपायची. "बघत बसू नकोस, हात लाव," हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा मला तो माठ आठवला.

मीही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खाली जाऊन हात लावते. कूज आधी वासाने कळते, गोडसर, आंबलेला वास. सडका भाग निरोगी, पांढरा गर दिसेपर्यंत कापते, उरलेला तुकडा कोरडा करून पुन्हा ठेवते. सुरकुतलेल्यांवर पाण्याचा एक फवारा. नावाच्या चिठ्ठ्या ओलीत पुसतात, म्हणून नाव मार्करने थेट कंदाच्या अंगावर लिहिते. एका वर्षी मी हे केलं नव्हतं, तेव्हा उंच जांभळ्यांच्या मागे बुटके तांबडे लागले आणि उन्हाळाभर कुणाला दिसलेच नाहीत.

गड्डे शरद ऋतूतच सुटे करावेत असं म्हणणारे पुष्कळ आहेत. जागा कमी लागते हे खरं, पण नोव्हेंबरात डोळा शोधणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. मी गड्डा अख्खा ठेवते आणि एप्रिलमध्ये, डोळे स्पष्ट दिसायला लागल्यावर, धारदार सुरीने कापते. प्रत्येक कंदाला मान हवी आणि मानेवर खोडाचा डोळ्यासकट तुकडा हवा. मग मेच्या मध्यावर, थंडीचा धोका टळला की, चार-सहा इंच खोल आडवा लावायचा आणि कोंब वर येईपर्यंत वरून पाणी घालायचं नाही. कोवळी मुळं फुटण्याआधी पाणी मिळालं तर हिवाळाभर सांभाळलेला कंद आठवड्यात सडतो.

यंदा ११ गड्डे ठेवले होते. २ कुजले. उरलेल्या ९ मधून ३४ कंद निघाले, त्यातल्या ७ ना अजून डोळा दिसत नाही. ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खिडकीत ठेवणार आहे, नाही फुटले तर कंपोस्टमध्ये.