ब्राइटनेस किती ठेवायचा? टक्क्यांत सांगता येत नाही

आजचा भाग लॅपटॉपच्या ब्राइटनेसवर. हसू नका, या एका बटणापायी मी दोन महिने रोज रात्री कपाळ धरून बसलोय.

झालं असं, की माझा रूममेट पहाटे चारला उठून अभ्यासाला बसायचा, म्हणून रात्री दहाला खोलीतला दिवा बंद. मी अंधारात या पॉडकास्टचं एडिटिंग करायचो. त्याला त्रास नको आणि आपल्याही डोळ्यांना आराम, असा विचार करून ब्राइटनेस अगदी तळाला नेलेला. अकरा वाजले की भुवयांमागे ठणका सुरू! मला वाटलं, नंबर वाढला. नवीन चष्म्याचे पैसे कुठून आणायचे, हीच काळजी. शेवटी डोळे तपासले, तर नंबर होता तेवढाच. डॉक्टरांनी एकच विचारलं, "काम करताना खोलीत दिवा असतो का?"

म्हणजे बघा, डोळा नुसती स्क्रीन बघत नाही, आजूबाजूचा उजेडही बघतो. अंधाऱ्या खोलीत स्क्रीन झगझगीत असेल तर ती डोळ्यांवर येते, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण फार मंद केली तर? अक्षरं फिकी पडतात आणि आपण नकळत पुढे झुकतो. जितकं जवळून बघाल, तितका डोळ्यातल्या स्नायूवर ताण. शिवाय कमी उजेडात बाहुली मोठी होते, आणि माझ्यासारखा सिलिंडरचा नंबर असेल तर अक्षरं आणखी पसरट दिसतात. मी नेमकं हेच करत होतो.

मग ठेवायचा किती? एक कोरं पांढरं पान स्क्रीनवर उघडा आणि शेजारी साधा पांढरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी चमकत असेल तर कमी करा, राखाडी, मळकट वाटली तर वाढवा. दोन्ही साधारण सारखे दिसले की झालं. मित्राने "मी 40 टक्के ठेवतो" म्हटलं म्हणून तुम्ही ठेवू नका. कुठला लॅपटॉप जास्तीत जास्त 250 निट्सचा असतो, कुठला 500 चा. त्याचे 40 आणि तुमचे 40 वेगळे! आणि एकाच लॅपटॉपवर दुपारी 80 आणि रात्री 30, दोन्ही बरोबर असू शकतात. विंडोज 11 मध्ये विंडोज आणि ए ही बटणं एकत्र दाबली की स्लायडर समोर येतो.

खिडकी मात्र पाठीमागे नको, समोरही नको, बाजूला घ्या. भर उन्हात उजेड एक लाख लक्सच्या आसपास जातो, त्याच्याशी स्लायडर काय लढणार?

आणखी एक भानगड. काही स्क्रीन मंद करताना प्रकाश खरोखर कमी होत नाही, तो भराभर चालू-बंद होतो. काहींचं डोकं याने दुखतं. मोबाईलचा कॅमेरा प्रो मोडमध्ये घ्या, शटर वेगवान करा आणि मंद केलेल्या स्क्रीनवर धरा. काळे पट्टे सरकताना दिसले तर ब्राइटनेस थोडा वरच ठेवा आणि खोलीत दिवा लावा.

नाइट लाइटने रंग पिवळसर होतो, पण ब्राइटनेसचं काम त्याने भागत नाही. 'निळ्या प्रकाशाचे' चष्मे विकणारे काहीही म्हणोत, स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने डोळे दुखतात याला पुरावा नाही असं अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी सांगते. बऱ्याचदा आपण पापण्या मिटायलाच विसरतो, म्हणून डोळे कोरडे पडतात.

मी काय केलं? एक छोटा टेबललॅम्प घेतला आणि लॅपटॉपच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून ठेवला. स्क्रीन एक तृतीयांशावर आणली. आठवड्याभरात ठणका बराच उतरला. उरलेल्यासाठी दर 20 मिनिटांनी 20 सेकंद लांब बघतो, निदान 20 फूट. आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते, तीच बघतो. एवढं करूनही तुमचं दुखणं थांबलं नाही, तर अंदाज बांधत बसू नका, डोळे तपासून घ्या.

रूममेटची लॅम्पबद्दल तक्रार? काहीच नाही. आता पहाटे तोच वापरतो.