देवळालीचं गालगागा

परतीच्या बोटीची वाट पाहत देवळाली कॅम्पात पडून राहिलेल्या गोऱ्या सोजिरांनी गावाच्या नावाचं ‘डूलॅली’ केलं आणि वेड लागलेल्या माणसासाठी तो शब्द इंग्रजीत रूढ झाला. ही गोष्ट कॅम्पात सगळ्यांना ठाऊक असते. मला कुतूहल आहे ते त्या उच्चाराचं. सोजिराने सगळा जोर ‘लॅ’वर टाकला. इंग्रजी कविता अशाच जोरावर चालते. आपण वृत्तात हे नाव बसवू तेव्हा दे-व-ळा-ली असं सुटं म्हणू: गालगागा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु). बोलताना अर्धा होणाऱ्या ‘व’लाही तिथे पुरी मात्रा द्यावी लागते.

ग्रीक आणि लॅटिन पद्याचा हिशेब आपल्याच पठडीतला. दीर्घ स्वराचं किंवा व्यंजनाने बंद झालेलं अक्षर गुरू, बाकीचं लघु. ग्रीक कवयित्री सॅफोच्या नावाने ओळखलं जाणारं अकरा अक्षरांचं वृत्त रोमन कवी होरेसने लॅटिनमध्ये वापरलं. सॅफोकडे चौथं अक्षर कसंही चाले, होरेसने ते गुरूच ठेवलं. म्हणजे त्याची ओळ गालगागा गाललगालगागा. सुरुवातीला चक्क ‘देवळाली’ बसते! आता इंद्रवज्रा मांडा: गागालगागा ललगालगागा. दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षरांची तेवढी अदलाबदल, बाकी सगळं जिथल्या तिथे. इंद्रवज्रा वैदिक त्रिष्टुभातून आलं. आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये ग्रीक वृत्तं वैदिक छंदांशी ताडून पाहिली आणि दोन्हींचं मूळ एकच असल्याचं मांडलं.

मग त्या जोराचं, म्हणजे आघाताचं काय? जुन्या ग्रीकमध्ये तो वेदपठणातल्या उदात्तासारखा, आवाजाच्या चढाचा होता. वृत्त त्याला विचारत नसे. लॅटिनचा नियम असा: शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर, नाहीतर त्याच्या आधीच्यावर. म्हणजे रोमन माणसानेही सोजिरासारखा ‘ळा’च उचलला असता. पण त्याने ‘दे’चं वजन तसूभरही घटलं नसतं, कारण ओळ वजनावर बांधलेली.

रोमन कवी व्हर्जिलच्या सहा गणांच्या ओळीत तर शब्दाचा आघात आणि गणाचा आरंभ पहिल्या चार गणांत पुष्कळदा वेगळे पडतात, शेवटच्या दोनांत बहुतेक वेळा जुळतात. ओळीतला ताण या ओढाताणीतूनच येतो, असं माझं मत. युरोपातल्या शाळांत मात्र प्रत्येक गणाच्या पहिल्या गुरूवर ठोका देत वाचायची सवय लावली गेली, आणि शब्दांचे स्वतःचे आघात त्याखाली चेंगरले. शार्दूलविक्रीडित चालीत म्हणणाऱ्याला त्या ठोक्याची गरज पडू नये. गुरूवर दुप्पट थांबायचं, आघात शब्दाला ठेवू द्यायचा, आणि व्हर्जिल मोठ्याने वाचायचा.