खसखस अख्खी राहिली तेव्हा

वाटण चिमटीत घेऊन बोटांनी चोळून पाहिलं, तर खसखशीचे दाणे जसेच्या तसे लागले. खोबरं बारीक झालं होतं, परतलेला कांदा लोण्यासारखा झाला होता, खसखस मात्र भिजत घातली होती तशीच अख्खी. मिक्सर आणखी दोन मिनिटं फिरवला. भांडं हाताला गरम लागू लागलं, वाटणाचा वास उतरला, पण खसखस काही फुटली नाही. दोन-तीन महिने असंच चाललं होतं. दाण्याचं कूट कुठे भरड राहायचं, कुठे त्याला तेल सुटायचं. कोथिंबिरीची चटणी वाटता वाटता काळपट व्हायची. पात्याची धार गेली, असं मी ठरवून टाकलं आणि एका सकाळी चटणीचं भांडं पिशवीत घालून पुण्याच्या तपकीर गल्लीकडे निघाले.

बुधवार पेठेतल्या या गल्लीत विजेच्या सामानाची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. त्यांच्याच आसपास, जिन्याखालच्या जेमतेम दोन माणसं मावतील अशा जागेत, एक दुरुस्तीवाले दादा बसतात. 22 वर्षं ते मिक्सरच दुरुस्त करतात. भिंतीवर तारेत ओवलेली पाती, खोक्यांत आकाराप्रमाणे लावलेले बुश, कपलर, वायसर. मी भांडं पुढे केलं आणि म्हटलं, "दादा, याची धार गेलीय. नवीन पातं बसवून द्या."

त्यांनी आत नजरसुद्धा टाकली नाही. दोन बोटांनी पातं धरलं आणि आडवं हलवलं. टक्, टक्, असा आवाज आला.

"ताई, पात्याचं नंतर बघू. आधी बुश गेलाय. तुम्हीच हलवून बघा."

मी हलवून पाहिलं. पातं खिळखिळ्या दातासारखं हलत होतं. रोज हे भांडं धुणाऱ्या माझ्या हाताला ते कधी जाणवलं नव्हतं.

मिक्सरच्या भांड्याची रचना साधी आहे. पातं एका पोलादी दांड्यावर बसलेलं असतं, त्याला शाफ्ट म्हणतात. हा शाफ्ट भांड्याच्या तळातल्या भोकातून खाली जातो. त्या भोकात बसवलेली पितळेची किंवा तशाच धातूची नळी म्हणजे बुश. शाफ्टच्या खालच्या टोकाला कपलर असतो, तो मोटरीवरच्या कपलरमध्ये अडकतो आणि फेऱ्या वर पोचवतो. शाफ्ट फिरतो, बुश जागेवर राहतो. मधल्या सगळ्या घर्षणाचा भार बुशवर येतो, म्हणून झिजायचा पहिला मानही त्याचाच.

दुकानात मिक्सर घेताना आपण 500 वॉट, 750 वॉट असे आकडे विचारतो. ते योग्यच आहे, कारण आपलं वाटण मोटरीची परीक्षा पाहणारं असतं. सुमीत मिक्सर 1963 साली मुंबईत तयार झाला तो याच गरजेतून. माधुरी माथुर यांच्या घरातल्या परदेशी यंत्राची मोटर भारतीय वाटणापुढे टिकली नाही, तेव्हा त्यांचे अभियंता पती सत्यप्रकाश माथुर यांनी जास्त ताकदीच्या मोटरीचं यंत्र बनवलं. पण मोटर कितीही दणकट असली, तरी तिची ताकद पदार्थापर्यंत पोचते ती पेन्सिलीएवढ्या जाड शाफ्टमधून, आणि त्या शाफ्टला सरळ उभं ठेवतो तो बुश.

दादांनी भांडं उलटं केलं. आत जाड फडकं घालून पातं एका हाताने घट्ट धरलं, दुसऱ्या हातातल्या पकडीने कपलर फिरवला. मला वाटलं त्याच्या बरोबर उलट दिशेला. "आटे उलटे असतात इथे," ते म्हणाले. "सरळ समजून जोर लावतात आणि मग कपलर तोडून आमच्याकडे आणतात." त्यामागचं कारण साधं आहे. मिक्सर सुरू झाला की पदार्थाचा अडथळा पात्याला मागे रेटतो आणि मोटर कपलरला पुढे ढकलते. त्या ओढाताणीत आटे सैल न होता आवळतच जावेत, अशी त्यांची दिशा ठेवलेली असते. घरी कुणी हे काम करायला घेतलं, तर जोर लावण्याआधी आट्यांची दिशा बघावी.

कपलर निघाला आणि शाफ्ट वर ओढून काढला. त्याच्याबरोबर राखाडी-काळा चिकट थर बाहेर आला. जुनं ग्रीस, झिजलेल्या धातूचा कीस आणि कितीतरी वाटणांचा मसाला त्यात एकजीव झाला होता. वॉशबेसिनवर भांडं पालथं घातलं की खाली काळपट वर्तुळ उमटायचं, ते याचंच. हाच थर वरच्या बाजूने वाटणातही उतरत होता. खालून मोटरीवर झिरपणारं पाणी आत शिरून मोटर जळते, ती गोष्ट वेगळीच.

दादांनी शाफ्ट चिंधीने पुसून माझ्या हातात दिला. "नख फिरवा यावरून." वरच्या बाजूने खाली नख ओढलं. दोन ठिकाणी ते अडखळलं. डोळ्यांना तिथे नुसती चकचकीत कडी दिसत होती, नखाला मात्र खाच लागत होती. बुश उजेडासमोर धरला, तर त्याचं भोक गोल राहिलं नव्हतं, एका बाजूने लांबट झालं होतं. आणि पातं? त्याच्या दोन्ही कडा बोथट होत्या, एका टोकाला बारीक खड्डे पडले होते. चिंच आणि मीठ घातलेलं वाटण भांड्यात तासन् तास राहिलं की पोलादालाही असे खड्डे पडतात. म्हणजे पातंही बदलायलाच आलं होतं, पण खसखस अख्खी राहण्याचं मुख्य कारण ते नव्हतं.

मिक्सर सुरीसारखा कापत नाही. चटणीच्या भांड्यातलं 7 सेंटिमीटर लांबीचं पातं मिनिटाला 10,000 फेऱ्या घेत असेल, तर त्याचं टोक तेवढ्या वेळात 2 किलोमीटरहून जास्त धावतं. शनिवारवाड्यापासून सारसबागेपर्यंतचं अंतर एका मिनिटात. त्या वेगाने बसणारा मार दाणे फोडतो. धार हवीच, पण दाणा पात्याच्या तडाख्यात सापडायला हवा, ही त्याआधीची अट. खसखस तळाशी बसते. पातं डगमगू लागलं किंवा तळापासून वर उचललं गेलं, की ती खालच्या फटीत निवांत पडून राहते. वरचं खोबरं वाटलं जातं, खालची खसखस सुटते. आपण जास्त वेळ फिरवतो, घर्षणाने भांडं तापतं, मसाल्याचा सुगंध उडतो आणि हिरवी चटणी काळवंडते. चटणीची चव बिघडायला सुरुवात होते ती त्या दोन-चार मिलिमीटरच्या फटीत.

हे ऐकताना मला आजोळचा पाटा आठवला. वर्षातून एकदा दारावर टाकीवाल्या बाई यायच्या. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला, की लाल मिरची वरवंट्याखालून निसटायची. मग बाई ओसरीवर बसून हातोडी आणि टाकीने पाट्यावर एकसारख्या खुणा पाडत जायच्या. टाकणकर, टाकारी ही नावं पडली तीच या कामावरून. टाकी लावून झाली की आजी आधी मूठभर तांदूळ वाटून टाकून द्यायची, दगडाची कच जावी म्हणून, आणि तळवा सगळ्या पाट्यावरून फिरवून मगच पैसे द्यायची. दगडालासुद्धा कुणीतरी येऊन पुन्हा तयार करावं लागतं, हे त्या घरात गृहीत होतं. मिक्सर आल्यावर आपण टाकीवालीला विसरलो आणि मिक्सरला कुणी लागत नाही असं समजून बसलो.

म्हणून मी दादांना विचारलं, "घरीच धार लावता येत नाही का? खडेमीठ फिरवतात, अंड्याची टरफलं फिरवतात."

"त्याने पातं साफ होतं," ते म्हणाले. "साफ झालं की दोन दिवस बरं चालतं, म्हणून लोकांना धार आल्यासारखी वाटते." मीठ आणि टरफल दोन्ही पोलादाहून मऊ. कडेवरचा तेलकट थर तेवढा निघतो, धार येत नाही. मीठ राहिलं तर खड्डे वाढतात ते वेगळंच. कानस मारणं त्याहून वाईट. दोन्ही पंखांवरून धातू सारखा निघाला नाही, की पात्याचा तोल जातो. तोल गेलेलं पातं थरथरतं आणि नवा बुशसुद्धा काही महिन्यांत खाऊन टाकतं.

आता नवं पातं. दादांनी जुनं पातं तारेतल्या पात्यांशी एक-एक करून लावून पाहिलं. नुसती लांबी जुळून भागत नाही. मधल्या भोकाचा आकार, पंखांचा बाक, पत्र्याची जाडी, सगळं जुळावं लागतं. कोरड्या दळणाचं पातं, ओल्या वाटणाचं पातं, चटणीचं पातं ही वेगवेगळी असतात. म्हणून सुटा भाग आणायला जाताना मिक्सरचं नाव सांगण्यापेक्षा जुना तुकडा बरोबर न्यावा.

जुना बुश ठोकून काढला. जागा घासून स्वच्छ केली. रबरी वायसर, त्यावर नवा बुश, खालून नट आवळला. ग्रीसचा मुगाएवढा थेंब लावला. "गोडंतेल सोडू नका कधी. चिकट होतं आणि शाफ्ट जाम करतं." मग त्या कामातला सर्वांत नाजूक भाग आला. शाफ्टवर कागदासारखे पातळ वायसर चढवायचे असतात. किती चढवायचे, यावर पातं तळापासून किती वर राहील ते ठरतं. दादांनी दोन चढवले, पातं बसवलं, जाड पुठ्ठ्याची एक पट्टी खाली सरकवून पातं हाताने फिरवलं. पट्टी सैल सरकली. पुन्हा सगळं खोललं, एक वायसर काढला, पुन्हा बसवलं. आता पट्टी पात्याला चाटून गेली. तेवढी जागा हवी. त्याहून कमी ठेवली तर पातं तळाला घासेल, जास्त ठेवली तर खसखस सुटेल.

त्यांनी पात्याला बोटाने टिचकी मारली. ते आवाज न करता दीड-दोन वेढे फिरलं आणि थांबलं. भांड्यात पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवलं. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत होतो. कागद कोरडा राहिला, तेव्हा त्यांनी जुनं पातं कागदात गुंडाळून भंगाराच्या डब्यात टाकलं. "उघडं टाकायचं नाही. कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो." पातं, बुश, कपलर आणि मजुरी धरून 320 रुपये झाले. पाऊण तास गेला होता.

निघताना त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. पहिल्यांदा साबणाचं पाणी फिरवून ओतून द्या. भांड्यात पाणी भरून रात्रभर ठेवू नका, ते बुशमध्ये मुरतं. भाजलेले जिन्नस गार झाल्याशिवाय घालू नका. आणि हळकुंड आधी खलबत्त्यात फोडून घ्या. साबणाचं पाणी ओतून देताना मला आजीचे मूठभर तांदूळ आठवले.

संध्याकाळी तेच वाटण पुन्हा केलं. थांबत थांबत, पाऊण-एक मिनिट. आवाज एकसुरी होता, मधली खडखड गेली होती. चिमटीत घेऊन चोळलं, तर बोटांना दाणा लागला नाही. भांडं अजून गार होतं.

मग फळीवरून मोठं भांडं काढलं आणि त्याचं पातं दोन बोटांनी आडवं हलवलं. टक्. उद्या सकाळी ते पिशवीत घालायचं आहे.