ताण आईचा, हिशेब कुणाचा?

स्वमग्न मुलाच्या आईला सल्ल्यांची वाण कधीच नसते. अमुक थेरपी, तमुक पथ्य, आणि आता माइंडफुलनेस. मूल रात्री दोनला टक्क जागं, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून किंचाळणार. अशा घरात कुणी ‘श्वासाकडे लक्ष द्या’ म्हटलं तर तिचं डोकं फिरणारच. तरी सल्ला झिडकारण्याआधी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघावा. स्वमग्नता किंवा अन्य अपंगत्व असलेल्या मुलांच्या 243 आया त्यात होत्या. त्यांतल्या 85 टक्के जणींचा ताण प्रमाणाबाहेर होता. एका गटाला माइंडफुलनेस, म्हणजे श्वास, ध्यान आणि संथ हालचाली शिकवल्या. दुसऱ्या गटात अपराधीभाव, काळजी यांना तोंड कसं द्यायचं यावर काम झालं. आठवड्याला दीड तास, सहा आठवडे. फायदा दोन्ही गटांना झाला. पण चिंता, नैराश्य आणि झोप यांत पहिला गट अधिक सुधारला.

यातली कृती अगदी साधी आहे. बॉडी स्कॅनमध्ये उताणं पडायचं आणि डाव्या पायाच्या बोटांपासून लक्ष सावकाश वर आणायचं. गुडघ्यापर्यंत येताच शाळेतून आलेली तक्रार आठवते. आठवली, एवढं ओळखायचं आणि पुन्हा गुडघ्यावर यायचं. जॉन कबाट-झिन यांनी 1979मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये माइंडफुलनेसची ही पद्धत सुरू केली, तेव्हा समोर जुनाट दुखण्याचे रुग्णही होते. दुखणं राहणारच, हे धरूनच ती बेतलेली. म्हणून ती इथे लागू पडते. मुलाची किंकाळी आणि आपला उगारलेला हात यांच्यामध्ये क्षणभर थांबता येणं, हीच खरी कमाई.

पण म्हणजे पुन्हा आईनेच सुधारायचं का? हा आक्षेप रास्त आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1967च्या पुस्तकात स्वमग्नतेचं खापर आईवरच फोडलं होतं. व्हँडरबिल्टचा उपक्रम मात्र मुलाला वळण लावण्यासाठी नव्हता, आईच्याच प्रकृतीसाठी होता. शिकवणाऱ्याही अपंग मुलांच्या आयाच होत्या, प्रशिक्षण घेतलेल्या. दोन्ही गट सावरले, त्यात जाणत्या सोबतीचाही वाटा असावा.

वेळेचा आक्षेप अधिक अवघड. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला ही आई जाणार कशी? दीड तास परवडेल, पण तेवढ्यातही मुलाजवळ कुणीतरी हवंच. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘समर्थ’ योजनेत तात्पुरत्या सांभाळाची कल्पना आहे. ती घराजवळ मिळाली तरच उपयोग. शंभरांतल्या 85 जणी मेटाकुटीला येतात, तेव्हा दोष मनाच्या दुबळेपणाचा नसतो, एकटीवर पडलेल्या भाराचा असतो. माइंडफुलनेस तो भार पेलायला बळ देतं, वाटून घेत नाही. म्हणून असे वर्ग भरवणाऱ्यांनी जाहिरातीत शिक्षकाच्या नावाआधी, तेवढा वेळ मुलांना कोण सांभाळणार, ते छापावं.