तांबडी पेशी धरणारा प्रकाश

संपादकांनी विषय दिला होता कृत्रिम रक्ताचा. धरमतरच्या परिसरात हा विषय परका नाही. वडखळहून मुंबई-गोवा महामार्ग जातो, धरमतरच्या पुलावरून अलिबागचा रस्ता. मोठा अपघात झाला की रक्तासाठी धावाधाव ठरलेली. तांबड्या पेशींची पिशवी दोन ते सहा अंशांत जपावी लागते आणि फार तर ४२ दिवस टिकते. साध्या कपाटात राहील, कुठल्याही रक्तगटाला चालेल असा प्राणवायूचा वाहक हवा, ही मागणी रास्तच आहे. त्याबद्दल वाचताना मी मात्र कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका प्रयोगापाशी थबकलो.

तो प्रयोग होता प्रकाशाच्या चिमट्याचा. या प्रकाशचिमट्याचा इतिहास थोडक्यात असा: आर्थर अॅश्किन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली एकाच लेझर झोताने सूक्ष्म कण धरून दाखवले, २०१८ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, अॅश्किन यांना नोबेल मिळालं. कणातून जाताना प्रकाश वाकतो, त्याची प्रतिक्रिया कणावर येते आणि कण झोताच्या सर्वांत प्रखर बिंदूकडे ओढला जातो.

कुलाब्यात जयश्री आणि आदित्य धर्माधिकारी, शोभना शर्मा, दीपक माथुर आणि सहकाऱ्यांनी या चिमट्यात तांबडी पेशी धरली. लेझर अवरक्त, कारण दृश्य प्रकाश हिमोग्लोबिन फार शोषतं. २००४ साली त्यांनी जे मांडलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. आठेक मायक्रोमीटरची, दोन्ही बाजूंनी खोलगट चकती प्रकाशात दुमडते आणि काडीसारखी होते. निरोगी पेशी आणि मलेरियाची पेशी, दोन्ही सारख्याच दुमडतात. पण रेषीय ध्रुवित प्रकाशात मलेरियाची पेशी फिरू लागते, निरोगी पेशी फिरत नाही. कुठलाही रंग न देता एकट्या पेशीचं आजारपण तिच्या हालचालीतून दिसावं, याचं मला अतोनात अप्रूप वाटतं.

कृत्रिम वाहकांना नेमकी अशीच एकेकट्याची तपासणी हवी होती. पेशीबाहेरचं मोकळं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषतं, मग रक्तवाहिन्या आकसतात. २००८ साली अशा पाच हिमोग्लोबिन-उत्पादनांच्या १६ चाचण्या, ३,७११ रुग्ण एकत्र तपासले, तेव्हा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला आढळला, हृदयविकाराच्या झटक्याचा तर पावणेतीनपट. दक्षिण आफ्रिकेने २००१ साली एका हिमोग्लोबिन-द्रावणाला परवानगी दिली होती. त्याआधी, १९८९ साली, अमेरिकेने परफ्लुरोकार्बन या प्राणवायू विरघळवणाऱ्या द्रवाचं ‘फ्लुओसोल’ मंजूर केलं होतं. १९९४ पर्यंत ते बंद पडलं.

आता हे वाहक चिमट्यात धरायचे, तर अडचणी सुरू होतात. परफ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा कमी, साधारण १.३१, पाण्याचा १.३३. त्यामुळे प्रकाश उलटा वाकतो आणि थेंब प्रखर बिंदूपासून दूर ढकलला जातो. त्याला मधोमध काळोख असलेला पोकळ झोत लागतो. मेदाच्या आवरणातलं हिमोग्लोबिन धरता येतं, पण त्या पिशव्या पाव मायक्रोमीटरच्या आसपास. इतक्या बारीक कणांचा व्यास निम्मा झाला की पकड जवळजवळ आठव्या हिश्शावर येते. लेझर वाढवावा तर हिमोग्लोबिन तापून बिघडतं, आणि प्राणवायू वाहकाने सोडला की उष्णतेने सुटला, हेच कळेनासं होतं.

मला जास्त भरवसा दुसऱ्या वाटेचा वाटतो. दोन तांबड्या पेशी दोन चिमट्यांत धरायच्या, भोवतीच्या द्रवात कृत्रिम वाहक मिसळायचा आणि त्यामुळे त्या पेशी एकमेकींना चिकटल्या तर ओढून सोडवायला किती पिकोन्यूटन लागतात ते मोजायचं. अर्थात हे मोजमाप पातळ केलेल्या थेंबातलं. शरीरात रक्ताची चाळीस-पंचेचाळीस टक्के जागा तांबड्या पेशीच अडवतात, आणि त्या गर्दीत शेजारच्या पेशी आपसूक त्याच झोतात ओढल्या जातात.