बारा बलुतेदारांच्या गावाला एकदा जाऊन या!

मैत्रिणींनो, सुट्टी लागली की “आई, कुठंतरी जाऊया ना!” ही भुणभुण घरोघरी सुरू होते. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा करून मुलं कंटाळली असतील, तर या खेपेला कणेरी मठाचा बेत करा. गडहिंग्लजहून संकेश्वर, निपाणी, कागल करत जायचं आणि गोकुळ शिरगावजवळ हमरस्ता सोडून आत वळायचं. सकाळी लवकर निघालात तर रात्रीच्या स्वयंपाकाला घरी परत!

मठाच्या आवारातलं हे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय सुमारे 7 एकरांत पसरलंय. माणसाएवढ्या उंचीचे तीनशेच्या आसपास पुतळे, तेही सिमेंटचे. लंडनच्या मादाम तुसाँसारखं मेण आपल्या उन्हापावसात कुठलं टिकायला! आधी ऋषिमुनींची गुहा लागते. तिथं फार रेंगाळू नका, पायांची ताकद पुढच्या गावासाठी राखून ठेवा.

गावात मग कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता, तेल्याचा घाणा, विहिरीवरची मोट. मुलं नुसती फोटो काढत पळतील. त्यांना थांबवून एकच प्रश्न विचारा, “या लोहाराला पगार कोण देत असेल?” उत्तर येणार नाही. मग सांगा, की लोहारानं वर्षभर शेतकऱ्याचे फाळ शेवटून द्यायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. तेच बलुतं. वाटेही सारखे नव्हते बरं का! थोरली, मधली, धाकटी अशा ओळी असत आणि ज्याच्या कामावाचून शेत अडेल त्याचा वाटा मोठा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या पुस्तकात हा सगळा व्यवहार तपशिलानं दिलाय.

असं जुनं गाव पुन्हा उभारण्याची हौस काही आपल्यालाच नाही. कॅनडात थंडर बे इथं फोर्ट विल्यम नावाचं जुनं व्यापारी ठाणं 1816 सालासारखं पुन्हा बांधलंय. बीव्हर या प्राण्याची कातडी द्यायची आणि कापड, भांडी न्यायची, असा तिथला व्यवहार. शेजारी ओजिब्वे या मूळ रहिवाशांची वस्तीही उभारली आहे. फरक इतकाच, की तिथं पुतळ्यांऐवजी जुन्या वेशातली माणसं तुमच्याशी बोलतात.

आपले पुतळे बोलत नाहीत, म्हणून काही गोष्टी आपणच बोलायला हव्यात. सिमेंटचं हे गाव कसं गुण्यागोविंदानं नांदताना दिसतं. पण लोहाराच्या पोराला शाळामास्तर व्हावंसं वाटलं तर? महाराला तर दिवसरात्र गावकी, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, आणि “नको” म्हणायची सोय नाही. आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार वतन बंद केलं. मुंबई राज्यात त्यासाठी कायदा यायला 1958 उजाडलं, आणि डॉ. आंबेडकरांनी तर विधेयक 1928 मध्येच मांडलं होतं! घरी आल्यावर दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) मोठ्या मुलांच्या हाती द्या. मी शिकवते त्या वयाच्या मुलींना हे सगळं छान समजतं, उगाच “लहान आहेत” म्हणून टाळू नका.

आणि बायका? बारा बलुत्यांच्या यादीत त्यांचं वेगळं नाव कुठंच नाही. माती मळायला कुंभारीण होती, धुण्याच्या ओझ्याखाली परटीण होती, वाटा मात्र घरधन्याच्या नावावर. जात्याजवळ जरा जास्त वेळ उभ्या राहा. पहाटे उठून दळताना बायका जे गात, त्या लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. माहेरची सय, सासुरवास, भावाची वाट, सगळं त्यात आहे.

जमलं तर सासूबाईंना किंवा आईला बरोबर न्याच. मोटेपाशी त्यांना बोलतं करा, मोटेचा करकर आवाज कसा यायचा ते मुलांना त्याच सांगतील. चालणं बरंच आहे, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना साध्या चपला, पोरांना टोप्या, पाणी भरपूर. डब्याला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, उन्हात विटत नाहीत.