पहिलेच पुस्तक आणि भाड्याच्या खोलीचा प्रश्न

माझ्या बहिणीचा मुलगा गेल्या पावसाळ्यात नांदेडहून चाकणला कामाला आला. चाकणला भाडे परवडेना म्हणून राजगुरुनगरात खोली शोधू लागला. एका घरी सगळे जमले, डिपॉझिटही ठरले. मग घरमालकाने सहज विचारावे तसे विचारले, "आडनाव काय म्हणालात?" दुसऱ्या दिवशी खोली "पाहुण्यांना लागणार" होती.

पोरगा गप्प गप्प झाला. तेव्हा मी त्याच्या हाती बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' दिले.

हा बागुलांचा पहिला कथासंग्रह. तो १९६३ साली आला, म्हणजे बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली त्याला जेमतेम सात वर्षे झाली होती. लेखक तेहेतीस वर्षांचा. नाशिकजवळच्या विहितगावात १७ जुलै १९३० रोजी जन्मलेला हा मुलगा मुंबईत माटुंगा लेबर कॅम्पात वाढला. १९६८ पर्यंत मिळेल ते अंगमेहनतीचे काम त्यांनी केले. नोकरी सांभाळून मासिकांत कथा लिहिल्या आणि त्यांतून हे पुस्तक झाले. पांढरपेशा घरांतल्या कथांना सरावलेल्या मराठी वाचकांना त्याने चांगलाच हादरा दिला.

सुरतेकडे रेल्वेत नोकरीला असताना बागुलांना खोलीसाठी जात लपवावी लागली होती. त्याच अनुभवातून शीर्षककथा आली. कथेतला तरुण रेल्वेत रुजू होतो, जात सांगत नाही. लोक त्याला मोठ्या जातीचा समजतात, कवी म्हणून मान देतात, आदराने घरी जेवायला नेतात. तो मान त्याच्या घशाखाली उतरत नाही. त्याच ठिकाणी काशिनाथ सकपाळ हा दुसरा तरुण आहे. तो जात उघड सांगतो आणि अंगावर येणाऱ्याशी भिडतो. शेवटी गुपित फुटते, मार बसतो आणि सोडवायला काशिनाथच धावतो. मार खाल्लेला तरुण मात्र त्या माणसांवर राग धरत नाही. खरा मारणारा मनु आहे, हे त्याला उमगते.

नावातच सगळे आहे. आपलीच जात, ती आपण झाकली, तर तिला चोरी म्हणायचे! मग त्या तरुणाचे काय चोरीला गेले, त्याची फिर्याद कोणी घ्यायची?

सर्वच कथा सारख्या उतरल्या आहेत असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी भाषा फार चढते. 'काळोखाचे कैदी'सारख्या कथेत बाईची विटंबना अंगावर येते, म्हणून लहान मुलांसमोर ती वाचू नये. पण आया-बहिणींनी जरूर वाचावी. बागुल २००८ साली गेले. २०१८ साली जेरी पिंटो यांनी हा संग्रह इंग्रजीत नेला.

एका रविवारी वंदनेनंतर आम्ही बायकांनी शीर्षककथा मोठ्याने वाचली. एक ताई म्हणाल्या, "पहिल्या दिवशीच सांगायचं होतं त्यानं!" कंपनीत कंत्राटी काम करणारी दुसरी लगेच म्हणाली, "आणि रात्री झोपायचं कुठं, ताई?" यावर चहा निवेपर्यंत वाद चालला.

भाच्याला पुढे खोली मिळाली, आडनाव सांगूनच. भाडे दोनशे रुपये जास्त पडते. पुस्तक मात्र परत आले नाही. विचारले तर म्हणाला, "मावशी, शिफ्टमधली पोरं वाचतायत. सध्या ते परभणीच्या पोराकडं आहे."